शुक्रवारच्या सभेतले विषय

"सुनीताताईंसाठी प्रार्थना करू या. जास्त काही बोलत नाही. देवाला सगळं माहीत आहे."

एवढं बोलून प्रभाकर अंकलनी डोळे मिटले. धायरीतल्या त्या हॉलमध्ये बाकी सगळ्यांचे डोळे मात्र उघडले.

मी चर्चचा युवा कार्यकर्ता, पगारी. त्याआधी पाणीप्रश्नावर पत्रकं लिहायचो. न बोलता केलेला आरोप मला लांबून ओळखू येतो.

आमच्याकडे दर शुक्रवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. आधी प्रत्येकजण 'विषय' सांगतो. कुणाचं ऑपरेशन, कुणाची परीक्षा, कुणाची नोकरी. मग सगळे मिळून प्रार्थना. विषय मांडणाऱ्याला उलट प्रश्न विचारायचा नाही, ते बरं दिसत नाही. अंकलची सोय तिथेच झाली.

सुनीताताई संडे स्कूल चालवतात, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवतात. यंदा त्या चर्च कमिटीच्या निवडणुकीला उभ्या होत्या. अंकलही होते. शुक्रवारी ताईंच्या शिकवण्या असतात, त्यामुळे त्या सभेला नसतात. हेही अंकलना ठाऊक होतं.

पुढच्या शुक्रवारी विषय आला, "ताईंचा विश्वास डळमळू नये." त्याच्या पुढच्या शुक्रवारी, "आपली लेकरं परक्या कळपात जाऊ नयेत." ताई मुलांना दुसऱ्या चर्चकडे वळवतात, असं कुणीच म्हटलं नाही. सगळ्यांना ते कळलं मात्र. रविवारी वर्गात तीनच मुलं उरली. कमिटीत वर्ग बंद करायची भाषा सुरू झाली.

ताईंनी मला जिन्यात गाठलं. "अरे, मी केलंय काय, ते तरी सांगा कुणीतरी!"

मी काय सांगणार? आरोपच नव्हता.

मी तडक अंकलविरुद्ध पत्रक लिहिलं. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, ते वाचलं.

"हे वाटणार तू?"

"हो."

"म्हणजे अंकलचं राहिलेलं काम तू पुरं करणार. त्यांनी न बोललेला आरोप तू छापून घरोघरी पोचवणार. आधी एकटा जाऊन भेट त्यांना."

आमच्यात रीतच आहे. तक्रार असेल तर आधी एकट्याने जायचं, मग दोघांतिघांना घेऊन, आणि शेवटी सगळ्या मंडळीसमोर. मला साहेबांचाच संशय आला. अंकलच्या मागे बरीच घरं आहेत, दुखवायची नसतील. तरी गेलो.

"सलाम, अंकल," मी आमच्या पद्धतीचा नमस्कार केला. "सुनीताताईंबद्दल तुम्ही..."

"मी काय बोललो? प्रार्थनाच केली ना? का आता ती पण तुझी परवानगी काढून करू?"

वर चहा पाजला. दोन वडीलधाऱ्यांना घेऊन पुन्हा गेलो. तेच उत्तर, तोच चहा. त्या शुक्रवारचा विषय होता, "तरुणांमधला गर्व."

मग पुढच्या शुक्रवारी साहेब स्वतः सभेला आले. अंकलनी सुरुवात केली, "सुनीताताईंसाठी..."

"थांबा. नेमकं काय मागायचं, ते त्यांनाच विचारू." साहेबांनी फोन स्पीकरवर टाकला. "ताई, सभेतून बोलतोय, सगळे ऐकतायत. प्रभाकर अंकल तुमच्यासाठी प्रार्थना करू म्हणतात. विषय काय सांगू?"

"माझे गुडघे दुखतात," ताई म्हणाल्या. "आणि माझी मुलं वर्गाला का येत नाहीत, ते अंकलना विचारा. मला कुणी सांगत नाही."

सगळ्या माना अंकलकडे वळल्या.

"नाही, म्हणजे... माझा विषय जनरल होता," अंकल म्हणाले.

मागून एक आई उठली. "मग माझ्या पोराला दोन रविवार घरी बसवून कुठल्या कळपापासून वाचवलंत हो, अंकल?"

वर्ग बंद करायचा विषय कमिटीत पुन्हा निघाला नाही. बहुतेक मुलं परत आली. दोन घरांनी अजून पाठवलेली नाहीत, आणि कारणही सांगत नाहीत. निवडणुकीत ताई कमिटीवर निवडून आल्या. अंकलही आले, तेही जास्त मतांनी.

आता नियम केलाय. कुणाचं नाव घेऊन विषय मांडायचा, तर आधी त्या माणसाला विचारायचं. तेव्हापासून शुक्रवारची सभा फार लवकर संपते.