आयच्या हातातली नळी

आयचा डावा हात कानाजवळ धरला की घुं घुं असा आवाज यायचा. तिच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी तिच्याच शिरा जोडून केलेला रस्ता दोन्ही हातांत बंद पडला, म्हणून वापीच्या डॉक्टरांनी डाव्या हातात, मनगट आणि कोपराच्या मधे, कातडीखाली प्लास्टिकची नळी बसवली. सुया तिच्यातच टोचायच्या. नळी थरथरते आहे का, हे रोज सकाळी हात लावून बघायचं काम नर्सने माझ्यावर सोपवलं. घरात ग्रॅज्युएट मी एकटीच. मी बी.कॉम. आहे, तलासरीला कॉलेजच्या ऑफिसात काम करते. आमच्या नरपडच्या आळीत माझ्याआधी बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं, हे मी कुठेही ताठ मानेने सांगते.

शेजारणी मुद्दाम हात लावून बघायला यायच्या.

"अगं बाय, ही तर बोटीचं इंजिन घेऊन फिरते!"

"डिझेल कोण भरतं गं?"

"सरकार भरतं," आय म्हणायची. "तुझ्या पोटात का दुखतं?"

बाजारात बसणं सुटलं होतं, तरी ती घरी मासळी निवडायची. एकदा त्या हातावर लाल फुगवटा आला. तिला वाटलं, शिंगाळ्याचा काटा लागला. आमच्याकडे काटा लागला की शेक. वाळू तव्यावर तापवून फडक्यात बांधायची आणि सोसवेल तेवढी गरम धरायची. ठणका खरंच थांबतो, मी स्वतः अनुभवलंय. पण हा काटा नव्हता. नळीत पू झाला होता. मी ऑफिसला गेले की ती शेकायची, आणि मी घरी असले की पदर हातावर घेऊन बसायची. परत वापीला ऑपरेशन नको, एवढंच तिच्या मनात; डायलिसिसच्या नर्सलाही तिने काटा लागला म्हणूनच सांगितलं. सकाळी मी पदराखालून हात घालून मनगटापाशी बघायचे, तर थरथर होतीच. नळी शेवटपर्यंत चांगली वाजत होती.

मग कातडी फुटली. आत ओल्या बोंबलासारखं पांढरं दिसलं.

"हाड आहे का गं?"

"हाड नाही आय, नळी आहे."

वापीच्या डॉक्टरांनी हात बघितला आणि मला बाजूला घेतलं. "बेन, आ काढवी पडशे." ही काढावी लागेल. शरीराच्या मांसात रक्त फिरतं, त्यातून औषध पोचतं. प्लास्टिकच्या भिंतीत रक्त फिरत नाही, तिथे जंतू बसले की हलत नाहीत. तुकडाच खराब असता तर तेवढा बदलून बघितला असता. इथे या टोकापासून त्या टोकापर्यंत पू होता. नळीचा शिरेशी असलेला जोड सुटला तर रक्त थांबवायलाही वेळ मिळणार नाही. नळी काढायची, मग कितीतरी आठवडे शिरेतून अँटिबायोटिक.

"आणि डायलिसिस?"

"सध्या मानेतून."

"त्यानंतर?"

"जोईशुं," ते म्हणाले. म्हणजे बघू.

बाहेर मामा उभा होता. "तू शिकलेली ना? इंग्लिशमधी बोल त्याच्याशी. इंग्लिशमधी बोललं की नीट सांगतात."

मी आत जाऊन इंग्लिशमध्ये विचारलं. चांगलं इंग्लिश बोलले मी. उत्तर तेच आलं.

सही करून आले तर आय म्हणाली, "काढली की आवाज बंद?"

"बंद."

"मग त्या बायांना दाखवू काय?"

जखम भरली. मानेतल्या नळीमुळे ताप आला, ती काढून दुसऱ्या बाजूला घातली. तिथेही थंडी वाजून ताप येतो. डॉक्टर आता नवीन नळीचं बोलत नाहीत, मीही विचारत नाही. जागा किती उरल्यात ते मला कळतं. समजून घेण्यापुरतं शिक्षण झालंय माझं.

तरी सकाळी उठल्यावर माझी बोटं तिच्या मनगटावर जातात. परवा ती जागीच होती.

"काय शोधतेस? इंजिन उतरवलं ना."

मी हात काढला नाही. तिनेही ओढून घेतला नाही. मग म्हणाली, "जा, एस.टी. चुकेल तुझी."