रापणीच्या दोरीवर परका माणूस

गोवा घटक राज्य होण्याआधीचा तो हिवाळा. राजभाषा कोकणी की मराठी, या आंदोलनात रस्ते अडले होते. केरीला, आमच्या गावाकडे येणाऱ्या वाटेवर झाडं आडवी पडलेली. कुठलं कोणत्या बाजूने पाडलं, विचारायची सोय नव्हती. बस नाही, बाजार नाही, सायकलवरून पाव आणणारा पदेरही नाही. पोटासाठी गाव समुद्राकडे वळलं.

मी मराठीच्या बाजूची. आजही आहे. आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असत, मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्या पत्रकांतला माणूस विचाराने चालायचा. मुद्दा पटला की बदलायचा. म्हापशाला कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं आणि दुसराच माणूस भेटला. लाखो वर्षं लहान टोळ्यांत राहिलेला, टोळीतल्यासाठी जीव देणारा आणि अनोळखी चेहरा दिसला की आधी घाबरणारा. ते मन अजून आपल्या डोक्यात आहे, असं सर शिकवायचे. मला राग यायचा. मग पत्रकं छापायची कशाला?

त्या सकाळी रापण लागली होती. होडीने जाळं अर्धगोल टाकायचं आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या दोन रांगांनी किनाऱ्यावरून ओढायच्या. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात. एक ढिली पडली की त्या बाजूने मासळी निसटते. आणि दोरीला ज्याचा हात लागला त्याला वाटा. हा आमचा जुना रिवाज.

आमच्या रांगेच्या शेवटी एका अनोळखी माणसाने दोरी धरली. चिरेखाणीवर काम करणारा, बेळगावकडचा. त्याची बायको तान्हं पोर घेऊन माडाखाली बसली होती, दुसरं पोर तिला बिलगून. खाण बंद, दुकानं बंद. आज वाटा मिळाला नाही तर पोरं उपाशी, हे तिच्या तोंडाकडे पाहून कळत होतं.

माझा चुलतभाऊ वळला. "खंयचो रे तू?"

"खाणीवरचा, अण्णा. पोरांस्नी खायला न्हाई."

"ह्याका मी त्यांच्या ट्रकात बघलंय! खबरी हा हो!"

'त्यांच्या' म्हणजे कोकणीवाल्यांच्या. त्या एका शब्दाने रांगेतली अंगं ताठ झाली. एकाने दोरी सोडली, मग दुसऱ्याने. भावाच्या हातात वल्हं आलं. माझ्या हातांवर काटा उभा राहिला. आपल्या पूर्वजांच्या अंगावर दाट केस होते तेव्हा ते फुगवून शत्रूला भिववायची ही तऱ्हा. केस गेले, तऱ्हा राहिली. वर्गात लिहून घेतलेलं ते वाक्य माझ्याच कातडीवर उभं होतं. तो माणूस मलाही क्षणभर खबरीच दिसला.

मी मध्ये शिरले. "अरे, तो मराठी बोलता! आपलोच तो!"

"बाय, तू बाजूक हो. खबरी काय मराठी बोलणत नाय?" भाऊ म्हणाला.

मी त्याला वाचवायला निघाले तेही टोळीचीच खूण दाखवून. समजा तो कानडी बोलला असता, तर?

"पोरं हायती ओ माझी," तो म्हणाला. घेरला जात असतानाही त्याने दोरी सोडली नव्हती. पलीकडची रांग ओढतच होती. आमची बाजू ढिली, आणि तो दोरीसकट पाण्याकडे घसरत होता.

रापणीचा म्होरक्या तांडेल पाण्यातून ओरडला, "मेल्यांनू, मासळी सुटता! रातीक काय घोषणा खातल्यात?"

मी बोलणं थांबवलं. त्या माणसाच्या पुढे, वल्ह्याच्या टप्प्यात जाऊन दोरी धरली आणि तांडेलाच्या हाळीवर मागे रेटा दिला. "ओऽऽढ!" पुन्हा. "ओऽऽढ!" माझ्यामागे एक हात आला, मग आणखी. कोणाला काही पटलं नव्हतं. पण हाळी कानावर पडली की पाय आपोआप वाळूत रुततात, खांदे एकदम मागे जातात. माणसाला माणसावर धावून जायला लावणारं ते जुनं मन एका तालात ओढायलाही तितकंच उतावीळ असतं. सगळे ओढू लागले तरी भाऊ उभाच होता. मग वल्हं टाकून तोही आला, त्या माणसापासून दूर, रांगेच्या दुसऱ्या टोकाला.

अर्धीअधिक मासळी गेली होती. तांडेल वाळूवर वाटे लावत आला आणि त्या माणसापाशी थबकला. सगळे बघत होते.

"ह्याका कित्याक?" भाऊ म्हणाला.

"हात लागलोहा दोरीक," तांडेल म्हणाला आणि बांगड्यांचा एक ढीग वाळूत सारला. "सगळ्यांनी बघलंहा."

बायकोने बांगडे पदरात घेतले. रस्ता अडवून आमच्याच बाजूचे तरुण बसले होते, म्हणून ती दोघं मुलांना घेऊन किनाऱ्यानेच निघाली. जाता जाता त्याने मला हळूच विचारलं, "ताई, उद्या आलो तर दोरी धरू देतील काय?"

दहा पत्रकं भरतील इतके शब्द माझ्याजवळ होते. मी भावाकडे पाहिलं. तो त्या माणसाच्या पाठीकडे बघत होता.

"मी असेन तेव्हाच ये," मी म्हणाले.