सासऱ्यांचा वारा आणि सुनेचा टीव्ही

आमच्या सर्जिकल वॉर्डात सकाळी नमस्काराच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो: गॅस गेला का? पोटाचं ऑपरेशन झालं की आतडी रुसून बसतात. ती पुन्हा कामाला लागल्याची पहिली वर्दी खालून येते, आणि ती येईपर्यंत आमचे सर्जन पाण्याचा घोटही देत नाहीत. मी मूळची कराडकडची. चेन्नईत नर्स म्हणून आले आणि तामीळ शिकले ती ह्याच प्रश्नापासून. 'गॅस पोच्चा?' हे मला 'तुमचं नाव काय'च्या आधी यायला लागलं. बँकेचे मॅनेजर असोत की टी. नगरातले साड्यांचे दुकानदार, सगळे बिनदिक्कत उत्तर देतात. काहीजण तर आनंदानं घरी फोन करून कळवतात.

एकाच माणसापुढे माझी मात्रा चालेना.

हे तंजावरकडचे मराठी आजोबा, निवृत्त हेडमास्तर. हर्निया अडकून आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता. तो कापून दोन टोकं जोडली होती. वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून ते माझ्याकडे आले. मला वाटलं, चला, आपलं माणूस मिळालं. पण त्यांचं ते जुन्या वळणाचं, तामीळ हेल काढून बोललेलं मराठी ऐकून मला माझ्याच मराठीची लाज वाटायला लागली. फरशी पुसायला येणाऱ्यालाही ते 'यावे, बसावे' म्हणायचे. तो बिचारा बादली घेऊन नुसता उभा राहायचा.

"आजोबा, वारा सरला का?" मी विचारलं.

त्यांनी छताकडे पाहिलं. "तसे काही घडले नाही."

जणू मी त्यांच्या शाळेत कॉपी झाली का असं विचारलं होतं. दुपारी विचारलं, तेच. दुसऱ्या दिवशी विचारलं, तेच.

सोबतीला त्यांची सून असायची. मुलगा परदेशात, म्हणून हीच तांबरमच्या शाळेतली नोकरी सांभाळून, रजा टाकून आलेली. खोलीत चांगली गुबगुबीत खुर्ची होती, पण ही दाराजवळच्या स्टुलावर, सासऱ्यांकडे अर्धी पाठ करून बसायची. 'मामंजींसमोर खुर्चीत कशी बसू?' म्हणे. कँटीनमधून इडली मागवू का विचारलं, तर 'भूक नाही'. दिवसभर समोर तामीळ मालिका चालू.

मग आजोबांचं पोट फुगायला लागलं. राउंडला सर्जन आले, पोट चाचपलं आणि गंभीर झाले. "गॅस अजून नाही? संध्याकाळपर्यंत बघू. नाहीतर नाकातून नळी आणि स्कॅन. जोड सुटला असेल तर पुन्हा उघडावं लागेल." आजोबांचं हृदय आधीच अधू. भूल देणारे डॉक्टर पहिल्या वेळीच कुरकुरत तयार झाले होते. पुन्हा टेबलावर घेतलं तर आजोबा परत येतील की नाही, ह्याची खात्री कोणालाच नव्हती. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला.

मला मात्र काही पटेना. जोड सुटलेल्या माणसाचं पोट फळीसारखं कडक होतं, ताप चढतो, नाडी पळत सुटते. ह्यांचं पोट फुगलेलं होतं, पण मऊ. ताप नाही, उलटी नाही, नाडी संथ. शिवाय कॉरिडॉरमधून कॉफीचा वास आला की नाकपुड्या हलायच्या. मी स्टेथोस्कोप लावला, तर आत छान गुडगुड चाललेली. सर्जनना सांगितलं, तर म्हणाले, "आत वाजणं वेगळं आणि बाहेर येणं वेगळं. पेशंट नाही म्हणतोय ना?" त्यांचंही चूक नव्हतं. जोड त्यांनी घातला होता, झोप त्यांची उडणार होती.

मग मी सलाईन नीट करायच्या निमित्तानं खोलीतच रेंगाळले. थोड्या वेळानं सुनेनं रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज एकदम वाढवला. मालिकेतली सासू ओक्साबोक्शी रडत होती, अख्ख्या मजल्याला कळलं. मग आवाज कमी. जरा वेळानं पुन्हा तेच. "अहो, शेजारी आजारी माणसं आहेत," मी खेकसले. ती ओशाळली, पण पुढच्या वेळी तिचा हात पुन्हा रिमोटकडे गेला. ह्यावेळी मी टीव्हीकडे न बघता आजोबांकडे बघितलं. नजर छताला, चादर हनुवटीपर्यंत, कान लालबुंद. आणि मग माझ्या नाकाला जे कळायचं ते कळलं.

मी सुनेला हाताला धरून बाहेर काढलं. "खरं सांगा. कधीपासून?"

तिनं ओढणी तोंडाला लावली. "कालपासून. थोडं थोडं. बाकीचं दाबून धरतात, माझ्यामुळे."

"आणि तुम्ही गप्प?"

"ते नाही म्हणाले, तर मी हो कसं म्हणू? मामंजी आहेत. मला ऐकू आलं नाही असं त्यांना वाटायला हवं, म्हणून टीव्ही."

मी कपाळावर हात मारून घेतला. "तुमच्या मर्यादेपायी त्यांचं पोट पुन्हा फाडतील, बाई." ती रडायलाच लागली. मला संताप आला होता, हसूही येत होतं, आणि दोन्ही दाबायचं म्हणजे काय त्रास असतो ते त्या दिवशी आजोबांइतकंच मलाही कळलं.

तिला औषध आणायला खाली पिटाळलं आणि आजोबांच्या हातात बेल दिली. "तोंडानं काही बोलू नका. घडलं की बेल दाबायची. मी येऊन सलाईन बघून जाईन."

त्यांनी बेल उलटसुलट करून पाहिली. "आपण काही विचारणार नाही?"

"नाही."

मी बाहेर माझ्या टेबलापर्यंत पोचले नाही तोच बेल वाजली. गेले, सलाईन बघितली, आले. पुन्हा बेल. मग काही धरबंधच राहिला नाही. सोबतच्या सिस्टरनं विचारलं, "सारखं काय हवंय आजोबांना?" मी म्हटलं, "हवं काही नाही. देतायत."

संध्याकाळी सर्जन आले तेव्हा पोट चांगलंच उतरलं होतं. "गॅस गेला?" त्यांनी आजोबांनाच विचारलं. सून दारात उभी होती. आजोबांनी सर्जनकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि शांतपणे बेल दाबली.

"सर, हो म्हणतायत," मी म्हटलं. नळी रद्द झाली, स्कॅन रद्द झालं, पाण्याचे घोट सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी कॉफीची परवानगी मिळाली. सुनेनं पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात ओतून ती निववली आणि पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसली. आजोबांनी पेला हातात घेतला, वास घेतला आणि मला जवळ बोलावलं. मला वाटलं, साखर कमी आहे.

"ही आधी तिला द्यावी," ते अगदी हळू म्हणाले. "माझे बंद झाल्यापासून तिनेही अन्न घेतलेले नाही. तिचे पोट वाजते आहे. मी ऐकतो आहे, पण सुनेस कसे म्हणावे?"

मी पेला नेऊन तिच्या हातात दिला. कोणी पाठवला ते सांगावं लागलं नाही. तिनं एक घोट घेतला आणि तिला हुंदका फुटला. आजोबांनी छताकडे बघायला सुरुवात केली. मी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.