सुमतीकाकींच्या चित्रांना जागा हवी आहे

मंडळी, पेडण्यातल्या आमच्या छोट्या कलादालनाचं पुढच्या वर्षाचं नियोजन कालच पूर्ण झालं. जानेवारीतलं पहिलं प्रदर्शन जवळच्याच चोपडे गावच्या सुमतीकाकींचं आधीपासूनच ठरलं होतं. साठी उलटल्यावर पहिल्यांदाच त्यांची चित्रं लोक पाहणार होते.

आज सकाळी जागेच्या मालकांनी सांगितलं, "महिनाअखेर जागा खाली करा. मला इथे हॉटेल काढायचंय."

मी तशीच काकींकडे गेले. त्या अंगणात चित्रांच्या चौकटी पुसत बसल्या होत्या.

"बाय, माझी चित्रं दाराजवळच्याच भिंतीवर लाव गे. ह्यांना जास्त चालूक जमत नाय."

मी "लावते" म्हणाले आणि परत आले. जागा जाणार हे त्यांना अजून माहीत नाही.

पेडणे-डिचोलीत कुणाकडे जानेवारीत महिनाभरासाठी खोली, पडवी, काहीही मिळेल का? काकींनी गावभर आमंत्रण दिलंय. उद्या मला त्यांना खरं सांगावंच लागेल.