टेबलाची खालची बाजू

माझा मामा सुतार. टेबल झालं की तो जमिनीवर उताणा पडून त्याची खालची बाजूही पॉलिश पेपरने घासत बसायचा. मामी चिडायची, “कोण मरायला जातंय तिथे बघायला?”

“हाताला कळतं ना,” मामा म्हणायचा.

पुढे तो फर्निचरच्या कारखान्यात लागला. तिथल्या साहेबांना भारी हौस, दर महिन्याला उत्तम कारागिराचा फोटो दारात लावायची. साहेब काही टेबलाखाली वाकून बघणारे नव्हते. मामाचा फोटो लागला, पुन्हा लागला, मग उतरेचना. आम्ही मूर्ख टाळ्या पिटत राहिलो. खालची बाजू घासणं त्याने कधी सोडलं, आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तो निवृत्त झाला, फोटो उतरला. घरात हत्यारं होती, लाकूड होतं, पण त्याचा हात उचलेना. “कोणाला दाखवू?” म्हणायचा.

काल दुपारी तो आमच्याकडे आला आणि माझ्या जुन्या अभ्यासाच्या टेबलाशी बसला. ते त्यानेच केलेलं, कारखान्यात लागायच्या आधी, मी शाळेत असताना. बोलता बोलता त्याचा हात टेबलाखाली गेला आणि तिथेच थबकला. खालच्या गुळगुळीत लाकडावरून बोटं परत परत फिरत राहिली.

“हे कोणी केलं गं?”

“असं काय करतोस मामा? तूच केलंस.”

त्याने नकारार्थी मान हलवली. हात अजून खालीच होता.

“तो गेला गं,” मामा म्हणाला. “आणि तुम्ही मला कळवलंही नाहीत.”