बाबांचा उजवा कान

आमच्या घरात उन्हाची धास्ती फक्त मला घातलेली होती. मी सावळी. बाबा गोरेपान, घाऱ्या डोळ्यांचे, उन्हातून आले की लालबुंद होणारे. दिल्लीत नवीन आलो तेव्हा शेजारच्या पंजाबी आंटी म्हणाल्या होत्या, "भाईसाहब तो बिल्कुल कश्मीरी लगते हैं." आईने ते वाक्य जन्मभर मिरवलं. माझ्याबद्दल आंटी काय म्हणाल्या ते तिने कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, अंदाज होता.

मे महिन्यात बसस्टॉपपर्यंत जायचं असलं तरी मला पूर्ण बाह्यांचा कुडता, डोक्या-तोंडाभोवती गुंडाळलेली चुन्नी आणि वर छत्री. आईने करोल बागेतून खास सुती चुन्न्या आणल्या होत्या, त्यातली पिवळी सगळ्यात जाड. "आणखी काळी झालीस तर कोण करणार तुला?" हे ती इतक्या सहज म्हणायची, जसं काही डबा घेतलास का विचारतेय. लू, म्हणजे ती भाजणारी गरम हवा, सुटलेली असायची, घामाने कापड तोंडाला चिकटायचं आणि मी मनातल्या मनात सगळ्या होणाऱ्या सासरच्यांना शिव्या घालत चालायचे. शेजारून बाबा उघड्या डोक्याने.

"यांना का नाही बांधत?" मी एकदा चिडून विचारलं.

बाबाच बोलले. "मला काय स्थळं येणार आहेत? एक आलं होतं, तेच निस्तरतोय अजून."

आई खो-खो हसली. त्या दोघांचं जमायचं छान, हे मान्य करायला हवं.

बाबा सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. ऑफिसात त्यांना टेबल होतं, पण दिवस जायचा साइटवर. तिथलं हेल्मेट मोठे साहेब आले की डोक्यावर आणि साहेबांची गाडी वळली की हातात. सुट्टीच्या दिवशी तरी सावलीत बसावं, तर दिल्लीच्या थंडीत सावलीत बसतं कोण? रविवारी अख्खी गच्ची भरायची. खाटा, खुर्च्या, संत्री, मूंगफली, लोकरीचे गुंडे. बाबा बनियनवर, अंगाला तेल चोपडून, दुपार उतरेपर्यंत ऊन खात पडायचे. मला मात्र तिथेही जिन्याच्या दाराशी, सावलीच्या पट्ट्यात बसवलेलं असायचं. थंडीने माझे पाय बधिर व्हायचे आणि आंटी कौतुकाने म्हणायच्या, "कितना ध्यान रखती है माँ."

माझं लग्न शेवटी माझ्या आहे त्या रंगानिशीच झालं आणि मी नोएडाला गेले. बाबा रिटायर झाले, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. तिथेही गच्ची होती. स्कूटर त्यांनी सोडली नव्हती.

पुढे कधीतरी त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला तांदळाच्या कणीएवढी खपली आली. ती पडायची, थोडं रक्त यायचं, पुन्हा धरायची. "हेल्मेट घासतं," बाबा म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. आई हळद आणि खोबरेल लावायची. मी म्हटलं, "एकदा दाखवून घ्या ना." तर म्हणाले, "हेल्मेट घासतं ते डॉक्टरला काय दाखवायचं? हेल्मेटवाल्याला दाखवतो." आणि खरंच जाऊन मोठ्या मापाचं नवीन हेल्मेट घेऊन आले. खपली तशीच राहिली.

मग थंडी आली आणि गच्चीवर सर्वानुमते निकाल लागला: ऊन लागू द्या, सुकून जाईल. आमच्या लोकांना ओली जखम म्हटलं की दुसरं काही सुचत नाही. बाबा शहाण्या पेशंटसारखे रोज वर जायचे आणि उजवा कान उन्हाकडे करून बसायचे. सूर्य सरकला की खुर्ची सरकवायचे. रविवारी आम्ही गेलो की आई संत्रं सोलता सोलता सांगायची, "अहो, थोडं अजून इकडे वळा. सावली येतेय कानावर."

उन्हाळ्यात बाबा ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेले. मी आणि आई बरोबर होतो. तिथल्या तरुण डॉक्टरणीने ब्लडप्रेशर बाजूला ठेवलं आणि कानच बघत राहिली.

"अंकल, ये कब से है?"

"हेल्मेट से घिसता है."

"हेल्मेट से नहीं है, अंकल. धूप में बहुत काम किया है क्या?"

तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला, कातडीचा. आपल्याकडे तो कमी दिसतो आणि कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून लोक उशिरा येतात, असं तिने सांगितलं. आईचा विश्वास बसेना. ती मोडक्या हिंदीत म्हणाली, "लेकिन ये तो गोरे हैं!" जणू ऊन रंग बघून वर्गणी मागतं आणि गोऱ्यांना माफ करतं. डॉक्टरणीने शांतपणे समजावलं की उलट आहे. सावळ्या कातडीचा रंगच तिला बराचसा सांभाळतो. असा कॅन्सर सावळ्यांनाही होतो, पण जास्त जपायला हवं होतं ते यांना. डोकं, कान, मान झाकायला हवं होतं.

आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या चुन्न्यांचा सूड उगवल्यासारखं मला वाटायला हवं होतं. मला फक्त भयंकर वाईट वाटलं, तिच्यासाठी सुद्धा.

कानाचा वरचा भाग कापला. थोड्या महिन्यांनी मानेत गाठ आली, मग रेडिएशनचे शेक सुरू झाले. बाबांनी उन्हात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जानेवारीत वर गच्चीवर खुर्च्या सरकवल्याचे आवाज यायचे आणि खाली बाबा पडदे ओढून हीटरसमोर बसलेले. "वर मजा चाललीय," ते म्हणायचे.

हॉस्पिटलला निघायच्या एका सकाळी आईने ट्रंकेतून ती पिवळी चुन्नी काढली. बाबांच्या डोक्याभोवती, कानाच्या उरलेल्या भागावरून, मानेवरून हलक्या हाताने गुंडाळली. बाबांनी आरशात पाहिलं.

"झालं. आता मला स्थळं येणार."

आई हसली नाही. गाठ मारता मारता तिचे हात थांबले. "तेव्हाच बांधायला हवी होती हो," ती म्हणाली.

"तेव्हा मी बांधून घेतली असती का?" बाबा म्हणाले आणि तिचा हात थोपटला.

होळीच्या आधीच ते गेले.

बाबांचे दिवस होईपर्यंत मी आईकडे राहिले. एका सकाळी तिने ती चुन्नी धुतली, पिळली आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या पाठीवर पसरली. बाहेर लख्ख ऊन होतं.

मी म्हटलं, "गच्चीवर टाकून येऊ का? लगेच वाळेल."

"नको," आई म्हणाली. "तिला ऊन लागेल."