ताटीवाल्या आप्पांचा दर

शहाद्यातल्या प्रतिष्ठित घरांची शीतलता एका माणसाच्या हाती होती, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या हातात कोयता असे, एवढे मात्र सांगायला हवे.

त्यांना सगळे ताटीवाले आप्पा म्हणत. वीज अजून गावात यायची होती. उन्हाळ्यात मोठ्या घरांच्या दारांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लागत. दिवाणखान्यात छताला लांब दांडीचा झालरीचा पंखा टांगलेला असे आणि बाहेर बसलेला गडी तो दोरीने ओढी. यातले काहीही मोडले की आप्पांना बोलावणे जाई. आप्पांच्या कपाळावर जुनी खोक होती. ती कुणाशी भांडताना पडली यावर गावात एकमत नव्हते, कारण उमेदवार पुष्कळ होते.

दुरुस्तीला काय पडेल, हे आप्पा आधी सांगत नसत. "कशी मोडनी?" एवढेच मालकाला विचारत आणि मोडलेली जागा अंगठ्याने चाचपत. उत्तर खरे निघाले तर एक रुपया, खोटे निघाले तर दोन. मालक बहुधा गड्याचे नाव सांगत, त्यामुळे आप्पांचा धंदा बरा चालला होता. एका वकिलाने गाईचे नाव सांगितले. आप्पांनी काड्यांत उमटलेली टाच दाखवली. "गाय बूट घालस का, वकीलसाहेब?" वकील तरीही घासाघीस करू लागले, तेव्हा आप्पांनी कोयत्याने ताटी उभी चिरली. "आते दोन ताट्या व्हयन्यात. चार रुपया."

मी तेव्हा एका जमीनदाराकडे कागदपत्र लिहायला होतो. त्यांना नुकतीच रावसाहेब ही पदवी मिळाली होती. तेव्हापासून ते घरची अहिराणी सोडून पुस्तकी मराठी बोलत. पंख्याला त्यांनी मखमलीची जाड झालर लावली आणि तीवर कलाबतूने आपले नाव पदवीसह भरून घेतले. पंखा आता वारा कमी घाली, पण लांबून वाचता येई.

एका दुपारी पाहुण्यांची पंगत बसली असताना पंख्याच्या दोन दोरांपैकी एक तुटला आणि दांडीचे एक टोक श्रीखंडात उतरले. पंखा ओढणारा वेस्ता अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातला. रावसाहेबांनी त्याला अंगणातल्या खांबाला बांधले आणि पाठीची सालटी निघेपर्यंत चाबकाने मारले. त्याने दोर मुद्दाम कापला, अशी फिर्याद द्यायचे ठरले. साक्षीला कारागीर हवा, म्हणून आप्पांना बोलावले.

आप्पांनी स्टुलावर चढून तुटका दोर चाचपला. "कसा तुटना, रावसाहेब?"

"वेस्त्याने कापला. तू फौजदाराला तेवढं सांग. दुप्पट देतो."

"कापेल दोर सरळ ऱ्हास. हाऊ पिंजाई जायेल शे, तुमनी मखमलना भारखाल." आप्पांनी अंगणाकडे पाहिले. "आनि त्या मानूसनी पाठ कोनी पिंजी?"

"हलकटा, खाली उतर!" रावसाहेब चाबूक उगारून पंख्याखाली आले.

आप्पा उतरले, स्टूल दुसऱ्या टोकाकडे सरकवून पुन्हा चढले. "कापेल दोर कसा दिखस, ते दखाडस," म्हणाले आणि शाबूत दोरावर कोयता मारला.

दांडी रावसाहेबांच्या उजव्या खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज ओसरीपर्यंत आला. रावसाहेब ओरडले मात्र अहिराणीत.

त्या गोंधळात आप्पांनी अंगणात जाऊन वेस्त्याच्या दोऱ्या तोडल्या. वेस्ता पळाला तो डोंगरातच थांबला. आप्पांचे पळायचे वय नव्हते. रावसाहेबांच्या चौघा गड्यांनी त्यांना दारातच पाडले, उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि कुऱ्हाडीच्या उलट्या बाजूने एकेक बोट ठेचले. मी ओसरीवर उभा होतो. हातातली लेखणी मी खालीसुद्धा ठेवली नाही.

फौजदारापर्यंत प्रकरण गेले नाही. झालरीच्या वजनाची चौकशी रावसाहेबांना नको होती. आप्पांचा हात पुन्हा कोयता धरण्याजोगा झाला नाही. आठवड्याने ते तळोद्याला लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा हाताला फडके गुंडाळून माझ्याकडे आले.

"भाऊ, मन्हं बिल लिख."

"कसलं बिल, आप्पा?"

"पंखा उतारा ना मी. खोटं बोलनात रावसाहेब, म्हनीसन दोन रुपया."

मी लिहिले: 'पंखा उतरवण्याची मजुरी, रुपये दोन', आणि ते इतर कागदांत सरकवले. रावसाहेब कागद वाचून सही करत नसत. या खेपेला त्यांनी ती डाव्या हाताने केली, कारण उजवा खांदा अजून बांधलेला होता.